एका गिअरबॉक्सची तहकीकात

ज्या वस्तूच्या दुरुस्तीस तिच्या बाजारभावाहून अधिक खर्च येतो ती वस्तू टाकून द्यावी, हा व्यवहाराचा सरळ हिशेब होय. परंतु हा हिशेब मांडण्यापूर्वी ती वस्तू खरोखरच बिघडली आहे काय, आणि बिघडली असल्यास नेमकी कोठे, याची रीतसर तहकीकात झालेली असली पाहिजे, ही त्या हिशेबाची पहिली अट बहुतेकांच्या ध्यानातून निसटते. अमेरिकेतील मिशिगन राज्यात, डेट्रॉइट शहराच्या आसपास, पंधरा-वीस वर्षे सेवा केलेल्या मिनीव्हॅन गाड्यांना ‘गिअरबॉक्स गेला’ या दोन शब्दांनिशी जी देहदंडाची शिक्षा फर्माविली जाते, ती कित्येकदा पुराव्यावर नव्हे तर केवळ संशयावर आधारलेली असते, असे तेथील एका वृद्ध मिस्त्रीचे ठाम मत होते. आणि त्याच्या कारखान्यात बसून जे पाहावयास मिळाले त्यावरून ते मत मला ग्राह्य वाटू लागले.

हा कारखाना हॅमट्रॅमॅक या गावात आहे. हे चिमुकले गाव बहुतांशी डेट्रॉइटनेच वेढलेले असून एके काळी मोटार-कारखान्यांत राबणाऱ्या पोलिश लोकांची ती वसाहत होती; आता तेथे बांगलादेशी आणि येमेनी कुटुंबे मोठ्या संख्येने नांदतात. मिस्त्री मूळचा पोलिश वंशाचा, त्याचा हाताखालचा तरुण सिल्हेटकडचा, आणि गिऱ्हाइकांत अधूनमधून मराठी माणूस. डेट्रॉइटच्या उपनगरांत मोटारधंद्यातील अभियंते म्हणून आलेल्या मराठी कुटुंबांची संख्या लहान नाही, आणि त्यांच्या संसारात मिनीव्हॅन या वाहनाने जे स्थान पटकाविले आहे त्याची कारणे उघड आहेत. पुण्याहून किंवा नाशिकहून सहा महिन्यांसाठी आलेल्या आजी-आजोबांना, गुडघ्यांना फारसा त्रास न देता, सरकत्या दारातून आत जाता येते. मुलांची दप्तरे, गणपतीच्या आराशीचे सामान, मंडळाच्या जेवणाची पातेली, सारे मागे मावते. आणि बृहन्महाराष्ट्र मंडळाचे दर दोन वर्षांनी भरणारे अधिवेशन दूरच्या राज्यात असले तरी अवघे कुटुंब एकाच गाडीतून जाऊ शकते. पुढे आजी-आजोबांचे येणे थांबते, मुले कॉलेजात जातात, आणि तीच गाडी थोरल्या मुलाच्या हाती पडून तिचे उत्तरायुष्य सुरू होते. याच वयात गिअरबॉक्सची कुरकुर कानी येऊ लागते. मोटारी घडविण्यातच ज्यांची हयात गेली अशी ही सुविद्य मंडळी स्वतःच्या गाडीचे बॉनेट उघडण्यास सहसा धजत नाहीत, हा विशेष त्या मिस्त्रीने मला हसत हसत, पण थोड्या कुत्सितपणेच, सांगितला.

या वाहनाचा जन्मही याच मुलखातला. फोर्ड कंपनीतून बाहेर पडलेले हॅल स्पर्लिक आणि त्यांच्यामागून आलेले ली आयकोका यांनी, दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या क्रायस्लर कंपनीत, सरकारने हमी दिलेल्या कर्जाच्या आधारावर ही कल्पना तडीस नेली. पुढच्या चाकांना गती देणारी, सपाट आणि बुटक्या तळाची, घराच्या गॅरेजात सहज शिरेल अशी गाडी हे त्या कल्पनेचे सार. १९८३ च्या नोव्हेंबरात पहिली गाडी बाहेर पडली ती डेट्रॉइट नदीच्या पलीकडे, कॅनडातील विंडसर येथील कारखान्यातून. नकाशा पाहिल्यावाचून कोणाचा विश्वास बसत नाही, पण हा कॅनडा डेट्रॉइटच्या दक्षिणेस आहे. १९८४ सालचे मॉडेल म्हणून डॉज कॅरव्हॅन आणि प्लिमथ व्हॉयेजर या दोन नावांनी ही गाडी विकली गेली आणि पाहता पाहता अमेरिकन गृहस्थाश्रमाचे चिन्ह बनली.

आता गिअरबॉक्सविषयी. आपल्याकडे ज्यांची हयात डाव्या पायाने क्लच दाबण्यात आणि डाव्या हाताने दांडा ओढण्यात गेली त्यांना ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे अंतरंग किंचित विस्ताराने सांगणे अगत्याचे आहे. इंजिन आणि गिअर यांच्यामध्ये येथे कायमची घट्ट जोड नसते. असतो तो टॉर्क कन्व्हर्टर, म्हणजे तेलाने भरलेला एक बंद डबा, ज्यात विजेचा एक पंखा लावला असता त्याच्या वाऱ्याने समोरचा न लावलेला पंखाही फिरू लागावा, त्याप्रमाणे इंजिनाने फिरविलेली पाती तेल ढकलतात आणि त्या तेलाच्या लोटाने समोरची पाती फिरतात. त्यामागे ग्रहमालेसारखी रचना असलेले दातेरी चक्रांचे संच, त्यांपैकी कोणते चक्र रोखावयाचे व कोणते मोकळे सोडावयाचे हे ठरविणाऱ्या क्लचच्या चकत्या, आणि त्या चकत्यांवर तेलाचा दाब टाकणाऱ्या अरुंद वाटांचे व झडपांचे एक गुंतागुंतीचे जाळे. अर्थात या यंत्रात तेल हे केवळ वंगण नव्हे. शक्ती वाहून नेणे, हुकमाची अंमलबजावणी करणे, उष्णता बाहेर काढणे आणि चकत्यांच्या घर्षणाचे नेमके प्रमाण राखणे, ही चारही कामे त्या एकट्या तेलाच्या गळ्यात बांधलेली आहेत. आणि म्हणूनच यंत्राच्या तपासाचा प्रारंभ सहसा तेलापासून होतो.

परंतु तेल पाहण्याचीही रीत आहे, आणि ती सर्व गाड्यांना एकच नाही. क्रायस्लरच्या गाडीत तेल पुरते तापवून, इंजिन चालू ठेवूनच डिपस्टिक काढावयाची. होंडाच्या गाडीत इंजिन बंद करून, मात्र तेल निवण्यापूर्वी, मिनिटा-दीड मिनिटाच्या आत पाहावयाचे. एकाची रीत दुसऱ्यास लावली तर भरलेला गिअरबॉक्स रिकामा वाटतो किंवा रिकामा भरलेला, आणि अशा चुकीच्या मोजणीवर विसंबून वरून अधिक तेल ओतले असता ते फिरत्या चक्रांनी घुसळले जाऊन फेसाळते. फेस दाबला जातो, दाब धरीत नाही, आणि मुळात नसलेला आजार उद्भवतो. तेल गुलाबी दुधासारखे दिसू लागले तर मात्र वेळ दवडण्यात अर्थ नाही: रेडिएटरच्या पोटात गिअरबॉक्सचे तेल थंड करणारी जी नळी असते ती फुटून पाणी व कूलंट तेलात मिसळले आहे, आणि चकत्यांवरील कागदी अस्तर त्या मिश्रणात फार काळ तग धरीत नाही. लालभडक तेल चांगले आणि काळपट, करपट वासाचे तेल वाईट, हा सर्वसामान्य ठोकताळा बऱ्याच गाड्यांच्या बाबतीत खरा ठरतो. परंतु क्रायस्लरच्या एटीएफ प्लस फोर या तेलाचा रंगच मुळी टिकाऊ नसून त्याचा वासही वयोमानाप्रमाणे पालटतो, सबब रंग-वासावरून त्याची परीक्षा करू नये, असे खुद्द कंपनीनेच बजावून ठेवले आहे. नाकावर भिस्त ठेवणाऱ्या किती मिस्त्रींनी या एका बाबतीत निर्दोष गिअरबॉक्स खोलले असतील, ते तेच जाणोत.

तेलाचा विषय निघालाच आहे तर एक आडवळण घेण्याची मुभा असावी. १९७० च्या सुमारापर्यंत अमेरिकेतील ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या तेलांत स्पर्म जातीच्या देवमाशाचे तेल मिसळीत असत. क्लचच्या चकत्या एकमेकींना भिडताना झटका बसू नये आणि त्या घसरूही नयेत, ही तारेवरची कसरत त्या माशाच्या तेलाने जितकी उत्तम साधे तितकी अन्य कोणत्याही पदार्थाने साधत नसे. पुढे लुप्त होऊ घातलेल्या प्राण्यांच्या रक्षणाचे कायदे आले, देवमाशाच्या तेलावर बंदी आली, आणि रसायनशास्त्रज्ञांना त्याचा पर्याय प्रयोगशाळेत शोधावा लागला. घरासमोर उभ्या असलेल्या गाडीच्या पोटात महासागरातील देवमासा होता, हे तिच्या मालकांपैकी फारच थोड्यांना ठाऊक असावे.

तेलाची ही निवड किती नाजूक बाब आहे याचा प्रत्यय १९८९ साली पुन्हा आला. त्या वर्षी क्रायस्लरने आपल्या मिनीव्हॅनमध्ये ‘अल्ट्राड्राइव्ह’ नावाचा चार गतींचा नवा गिअरबॉक्स आणला. तोवरचा तीन गतींचा गिअरबॉक्स रांगडा पण भरवशाचा होता. नव्यात मात्र पट्टे आणि एकाच दिशेने फिरणारे क्लच यांना पूर्ण फाटा देऊन सारा कारभार पाच क्लच-संच, चार सोलेनॉइड, म्हणजे विजेवर उघडझाप करणाऱ्या झडपा, आणि एक संगणक यांच्यावर सोपविला होता. एक क्लच सोडणे आणि त्याच क्षणी दुसरा धरणे, यातील क्षणाच्या अंशाचा मेळ संगणकाने जमवावयाचा, आणि चकत्या झिजत जातील तसतसा तो पुन्हा पुन्हा शिकून घ्यावयाचा, अशी ती महत्त्वाकांक्षी योजना. तिला विशिष्ट प्रकारचेच तेल मानवत असे. परंतु बाजारात सर्वत्र मिळणारे डेक्स्रॉन जातीचे तेलही चालेल असा समज पसरला, गाडीसोबतच्या कागदपत्रांनीही त्यास हातभार लावला, आणि ते तेल भरलेल्या गाड्या थरथरू लागल्या. आरंभीच्या वर्षांतील यंत्राचे अंगभूत दोष आणि हा तेलाचा घोटाळा यांची अशी काही सरमिसळ झाली की या गिअरबॉक्सचे नाव कायमचे बदनाम झाले. कंपनीने पुढे सुधारणा केल्या, नावही बदलून ४१टीई असे रुक्ष ठेवले आणि तोच गिअरबॉक्स कितीतरी वर्षे चालविला. तरी लोकांच्या मनातील संशयाचा काटा निघाला नाही.

हॅमट्रॅमॅकच्या कारखान्यात मी असताना आलेली व्हॅन कोणत्या कंपनीची होती हे येथे मुद्दाम सांगत नाही. गाडी या शतकाच्या आरंभीची, मालक एक मराठी गृहस्थ, आणि तक्रार अशी की महामार्गावर जाता जाता अकस्मात एक झटका बसतो, इंजिन ओरडू लागते, वेग वाढत नाही, आणि मग घरापर्यंत रांगत यावे लागते. दुसऱ्या एका ठिकाणी गाडी दाखविली असता गिअरबॉक्स बदलावा लागेल, काही हजार डॉलर खर्च येईल, असा निकाल मिळालेला. गाडीची किंमत त्याच्या निम्मीही नव्हती. मालकाने जवळजवळ तिचा निरोप घेतला होता.

मिस्त्रीने गाडीकडे पाहिलेही नाही. त्याने प्रथम मालकाची जबानी घेतली. केव्हा होते, असे सगळेच विचारतात; त्याने विचारले, केव्हा होत नाही? सकाळी निघताना होत नाही. गाडी बंद करून पुन्हा सुरू केली की होत नाही. कोरड्या दिवसांत सहसा होत नाही. हे ऐकून त्याचा चेहरा निवळला. झिजलेल्या चकत्यांना किल्ली फिरविल्याने नवे अस्तर फुटत नाही. जो आजार गाडी बंद करून पुन्हा चालू करताच नाहीसा होतो तो बहुधा विजेचा, म्हणजे तारांचा, सेन्सरचा किंवा संगणकाचा असतो. झटक्यानंतर वेग न वाढणे, म्हणजेच गाडी दुसऱ्या गिअरात अडकून पडणे, हा वस्तुतः बिघाड नसून बंदोबस्त आहे. अशा अनेक गाड्यांत संगणकाला एखादी विसंगती दिसली की तो सोलेनॉइडची वीज तोडून गिअरबॉक्सला एकाच मधल्या गिअरात ठेवतो, म्हणजे यंत्राचा नाश न होता माणूस घरी पोहोचावा. यास तेथे ‘लिंप मोड’ म्हणतात. मालकास जो मृत्यू वाटतो तो यंत्राने स्वतःच्या जिवासाठी घेतलेला आडोसा असतो.

नंतर संगणकाचे दप्तर उघडण्यात आले. १९९६ च्या मॉडेलपासून अमेरिकेतील प्रत्येक गाडीला ओबीडी-टू नावाची एकसारखी जोडणी सक्तीची आहे; डॅशबोर्डाखालच्या त्या खाचेत उपकरण लावले की गाडीने नोंदवून ठेवलेले दोषांचे सांकेतिक क्रमांक वाचता येतात. येथे नवशिके फसतात. पी०७०० हा क्रमांक दिसला की गिअरबॉक्स खलास, असे अनेकांना वाटते; प्रत्यक्षात त्याचा अर्थ एवढाच, की गिअरबॉक्सच्या संगणकाजवळ काही फिर्याद आहे, ती तेथे जाऊन वाचावी. पी०७३० हा ‘गिअरचे प्रमाण जुळत नाही’ असे सांगतो. हे प्रमाण म्हणजे साधे त्रैराशिक आहे: ४१टीई मध्ये दुसऱ्या गिअरचे प्रमाण १.५७, तेव्हा बाहेरचा दांडा मिनिटास १००० फेरे घेत असेल तर आतला १५७० घेत असला पाहिजे. तो १८०० घेऊ लागला तर चकत्या घसरत आहेत. पण हे गणित संगणक करतो ते दोन सेन्सरांच्या साक्षीवर. साक्षीदारांपैकी एक खोटे बोलू लागला, त्याची तार मध्येच तुटली, तर गणित बिघडते आणि निर्दोष चकत्यांवर घसरण्याचा आळ येतो. क्रमांक म्हणजे फिर्याद, निकाल नव्हे. मिस्त्रीने क्रमांक कागदावर टिपले आणि ते पुसून टाकण्याची मुळीच घाई केली नाही.

या विशिष्ट मुलखात तारांवर संशय घेण्यास आणखी एक सबळ कारण आहे, आणि ते जमिनीखाली आहे. डेट्रॉइट शहराच्या पोटात, हजार फुटांहून अधिक खोलीवर, मिठाची प्रचंड खाण आहे; हिवाळ्यात बर्फ वितळविण्यासाठी तेच मीठ रस्त्यांवर पसरतात. ते खारे पाणी चार-पाच महिने गाडीच्या तळाला चाटत राहते, तेल थंड करणाऱ्या लोखंडी नळ्या पोखरते, आणि सेन्सरांच्या जोडण्यांत शिरून तांब्यावर हिरवट भुकटी चढविते. वाहनांची नियमित सुरक्षा-तपासणी करण्याची सक्ती मिशिगनात नाही, त्यामुळे ही झीज कोणी पाहण्यापूर्वीच पुष्कळ पुढे गेलेली असते.

गाडी उचलून घेतल्यावर बाहेरच्या दांड्याचा वेग मोजणाऱ्या सेन्सरची जोडणी उघडली, तेव्हा आत तेच हिरवे चूर्ण निघाले. मालकास आठवले की झटका बसण्याच्या वेळी वेगाचा काटाही क्षणभर खाली पडत असे. ही जबानी आधी मिळाली असती तर निम्मे काम वाचले असते, असे मिस्त्री पुटपुटला. जोडणी बदलली, सेन्सर नवा घातला. तरीही त्याने तेलाचे तबक उतरवून पाहिलेच. तबकातील लोहचुंबकावर करड्या रंगाचा मऊ लेप असणे स्वाभाविक आहे, ती वयाची राख. चमकणारे पितळेचे कण किंवा काळ्या अस्तराचे तुकडे दिसले तर गोष्ट निराळी. येथे लेप होता, थोडा जाडच, आणि दोन-चार काळे कणही होते. ‘‘आजचा दोष हा नाही, पण गिअरबॉक्स तरुणही नाही,’’ असे सांगून त्याने कोणतीही हमी देण्याचे साफ नाकारले. मालक काहीसा खट्टू झाला. माझ्या मते त्या नकारातच त्या मिस्त्रीची किंमत होती.

इतर लक्षणांची कथा इतकी सरळ नसते. ताशी ६०-७० किलोमीटर वेगाने संथपणे जात असता, जणू खडबडीत रस्त्यावरून चालल्यासारखी गाडी थरथरू लागली, तर संशय टॉर्क कन्व्हर्टरमधील लॉक-अप क्लचवर जातो. तेलाच्या घसरणीत शक्ती वाया जाऊ नये म्हणून ठराविक वेगानंतर हा क्लच दोन्ही बाजू एकत्र जखडतो. याची एक फुकटची कसोटी आहे: वेग तसाच ठेवून डाव्या पायाने ब्रेकला नुसता स्पर्श करावा. ब्रेकचा दिवा लागताच संगणक लॉक-अप सोडून देतो. थरथर त्याच क्षणी थांबली तर ती त्या क्लचची. पण हाही पुरावा एकतर्फी मानू नये, कारण इंजिनाचा एखादा प्लग नीट पेटत नसेल तर तो धक्काही लॉक-अप असताना स्पष्ट जाणवतो आणि सुटताच तेलात विरून जातो. म्हणून आधी प्लग आणि त्यांच्या तारा, मग कन्व्हर्टर. महामार्गावर शेवटचा गिअर पडत नाही अशी तक्रार असेल आणि इंजिनाच्या तपमानाचा काटा वर चढतच नसेल, तर थर्मोस्टॅट पाहावा. तो उघडाच अडकला की इंजिन थंड राहते, आणि थंड इंजिनावर अनेक संगणक शेवटच्या गिअरची वा लॉक-अपची परवानगीच देत नाहीत. गिअर बदलताना धाडकन आवाज येत असेल तर इंजिनाची रबरी बैठक तुटली आहे काय ते पाहावे. सकाळी पहिल्यांदा ‘डी’मध्ये टाकल्यावर गाडी काही क्षण ढिम्म राहते आणि दिवसभर पुन्हा तसे होत नाही, तर रात्रीतून कन्व्हर्टरमधील तेल खाली उतरले असावे, किंवा आतील रबरी सील कडक झाले असावेत, पहिले चालवून घेता येते, दुसरे वाढत जाते. या साऱ्यात स्वस्त कारण आधी आणि महाग कारण शेवटी, हाच क्रम असला पाहिजे.

मात्र तपास केल्याने प्रत्येक गाडी वाचतेच असा भ्रम कोणी बाळगू नये. २००४ च्या एप्रिलमध्ये होंडा कंपनीने ओडिसी मिनीव्हॅनसह सुमारे अकरा लाख गाड्या परत बोलाविल्या. त्यांच्या गिअरबॉक्समध्ये दुसऱ्या गिअरला पुरेसे तेल पोहोचत नसल्याने तो तापून त्याचे दाते मोडण्याची आणि गाडी अकस्मात जखडली जाण्याची भीती होती. १५,००० मैलांहून अधिक चाललेल्या गाड्यांत तो गिअर उष्णतेने रंग पालटला आहे काय हे आधी पाहण्यात येई. पालटला असेल तर गिअरबॉक्स बदलावयाचा, नसेल तर त्यावर तेलाची धार सोडणारी एक नळी बसवावयाची. येथे दोष तारेत नव्हता, मिठात नव्हता, मालकाच्या हयगयीतही नव्हता. तो आराखड्यातच होता. भरल्या कुटुंबाचे वजन, पुढच्या चाकांजवळच्या अरुंद जागेत कोंबलेला गिअरबॉक्स आणि त्यास थंड करण्याची तोकडी सोय, हे त्रिकूट या वर्गातील गाड्यांच्या मुळावर वारंवार आलेले दिसते. तेल थंड करणारा जादा रेडिएटर बसविणे, वेळेवर योग्य तेच तेल बदलणे, याहून अधिक मालकाच्या हाती फारसे नसते.

जुनी व्हॅन विकत घेणाऱ्यांसाठी मिस्त्रीने शेवटी दोन युक्त्या सांगितल्या. विक्रेत्याने इंजिन आधीच तापवून ठेवले असेल तर थांबावे आणि गाडी थंड झाल्यावर पाहावी, कारण सकाळचा विलंब तापलेल्या तेलात लपतो. दुसरे असे की दोषांचे क्रमांक पुसून टाकणे हे पाच मिनिटांचे काम आहे, पण ते पुसताना संगणकाने स्वतःच्या तपासण्या पूर्ण केल्याची नोंदही पुसली जाते, आणि ती पुन्हा पूर्ण व्हावयास गाडी निरनिराळ्या प्रकारे बरीच चालवावी लागते. तेव्हा उपकरण लावल्यावर दोष एकही नाही, पण बहुतेक तपासण्या ‘अपूर्ण’ दिसल्या, तर बॅटरी नुकतीच बदलली काय, असे विक्रेत्यास विचारावे आणि उत्तर समाधानकारक नसेल तर आठवड्याने पुन्हा यावे.